मणिबेलीची तक्रार

सेमाडोहला सिपनेकाठी उभं राहिलं की समोर सातपुडा. हीच रांग पश्चिमेला नर्मदेशी पोचते, तिथं आजच्या नंदुरबार जिल्ह्यात मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या बुडितातलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. धरणासाठी जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. गावकरी हटेनात, गाजावाजा परदेशापर्यंत गेला, तेव्हा बँकेनं मोर्स समिती नेमली. १९९२ च्या अहवालात पुनर्वसनावर कडक ताशेरे होते. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज सोडून दिलं. धरण मात्र झालंच! पण त्याच वर्षी बँकेला स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापावं लागलं. बँकेच्या प्रकल्पाची झळ बसलेली दोन माणसंही तिथं थेट तक्रार करू शकतात. वकील लागत नाही, आणि पत्र कोरकूत लिहिलं तरी चालतं.