मुंबई ते लंडन : अंतर एक, तास अनेक



कामगार चळवळीतल्या माणसाने विमानाच्या अंतरावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण तास मोजणे हा आमचा जुना धंदा आहे. आणि मुंबई ते लंडन किती तास, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

अंतराला आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. ते भरते सुमारे 7,200 किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ ही जवळची वाट नव्हे. गोलावरची वाट उत्तरेकडे बाक घेते. जेट विमान ताशी सुमारे 900 किलोमीटर जाते. भागाकार केला की आठ तास येतात. वेळापत्रकात मात्र जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच्या आसपास! दोन्ही शहरे तर जागच्या जागी आहेत.

याचे मुख्य कारण वारा. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड लोट वाहतात. लंडनला जाताना ते छातीवर घ्यावे लागतात, परतताना पाठीशी असतात. त्यात राजकारणाची भर. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडू लागला. अर्थात 8 जून 1948 रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हा करीत 10 जूनला लंडनला पोहोचले होते, हेही लक्षात ठेवावे.

उतारू उन्हाळ्यात दुपारी एकला निघतो आणि तिकडच्या घड्याळात साडेसहाला उतरतो. साडेपाचच तास लागले म्हणावे, तर घड्याळातला साडेचार तासांचा फरक मिळवून ते दहा होतात. घड्याळ फसते; पोट आणि डोळे फसत नाहीत.

पण हे दहा तास कोणते? विमान जाग्यावरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतचे. वैमानिक आणि सेविका त्याच्या कितीतरी आधी हजर असतात. तपासणी, कागदपत्रे, हवामानाची माहिती, सगळे आधीच उरकायचे असते. एका कारखान्यात, गेटमधून आत आल्यावर कपडे बदलायला लागणारी दहा मिनिटे कामाची की घरची, यावर आम्ही वर्षभर भांडलो होतो. प्रश्न तोच आहे, फक्त इथे यंत्र आकाशात असते आणि त्यात शेकडो माणसे बसलेली असतात.

जानेवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली, आणि नियमातली ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली. पाच ते सहा! ज्याने तिसऱ्या पाळीत त्या वेळी यंत्रावर डोळे उघडे ठेवले आहेत, त्याला या एका तासाची किंमत सांगायला नको. नियम कागदावर आले तरी अंमल पुढे ढकलला गेला. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन हप्त्यांत ते लागू झाले. डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. पुरेसे वैमानिक आधी नेमले नव्हते. तेव्हा तिला काही काळ सूट मिळाली, ती याच रात्रीच्या नियमातून.