मनोरुग्णाचा हक्क आणि दूरध्वनी



मुरबाड तालुक्यात अद्याप आगगाडी नाही. शहापूरकरांना आसनगावचे स्टेशन आहे. पण डोळखांबच्या बाजूच्या पाड्यातून, चार रात्री न झोपलेल्या, भेदरलेल्या माणसाला घेऊन ते गाठणे म्हणजे काय, हे आपण जाणताच. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभे आहे; परंतु ते ठाण्यात आहे. मग रोगी भगताच्या अंगणात जातो. देव्हारा सोडलेल्या घरांतूनही हे घडते, म्हणून मुद्दाम बोलतो. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरविला की प्रशिक्षित समुपदेशक मराठीतून, रात्रंदिवस, विनामूल्य ऐकून घेतो; जरूर पडल्यास तज्ज्ञाकडे सोपवितो. साधा फोन पुरतो.

पुष्कळांना भय वाटते की, जीव देण्याचा विचार बोलून दाखविला तर पोलीस दारात येतील. हे भय आता टाकावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम ११५ असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरते, व त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत दंडविधानाचे जुने ३०९ कलमही उरलेले नाही.

तथापि दूरध्वनी म्हणजे दवाखाना नव्हे. काही औषधे दुरून लिहून देण्यास २०२० च्या नियमांनी मनाई आहे. डोंगराआड फोन लागत नाही. आणि सुनेच्या हाती तो आला तरी शेजारी घरची माणसे बसलेली असतात. उद्या कोणी अधिकारी म्हणेल, ‘फोन आहे, मग डॉक्टर कशाला?’ त्यास कलम १८ दाखवा. मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्यात जात वा धर्म पाहता येणार नाही. रोग्याला लांबचा प्रवास करावा लागू नये, अशी व्यवस्था सरकारने करावयाची आहे. दारिद्र्यरेषेखालील मनुष्यास, कार्ड असो वा नसो, सरकारी संस्थेत उपचार विनामूल्य आहेत.

नकार मिळाल्यास तो लेखी मागा. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या आणि ती तालुका विधी सेवा समितीकडे न्या. कलम २७ प्रमाणे मनोरुग्णास वकील फुकट मिळतो.