कमावता हात थांबला तर?



घरातला कमावता माणूस वारला तर सारी जमात धावून येते. पण तोच माणूस हात गमावून घरी बसला तर? खाणारी तोंडे तेवढीच, औषधपाण्याचा खर्च वाढलेला आणि कमाई बंद. मग शाळेच्या पटावरून त्याच्या मुलाचे नाव जाते, आणि ते आम्हा शिक्षकांना पाहावे लागते. म्हणून अपंगत्वाच्या विम्याविषयी दोन शब्द.

नोकरदार म्हणतो, "मला कारखान्याचा विमा आहे." चांगली गोष्ट आहे. 1948 च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विमा योजनेत कामावर इजा झाल्यास, तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते. अपंगत्व कायमचे असेल तर कमाईची शक्ती जितकी घटली त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. 2019 पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या अवघी पाऊण टक्का आहे. आपले नाव नोंदले आहे ना, याची खात्री करून घ्या.

पण या विम्याला मर्यादा आहेत. 2017 मध्ये वेतनाची मर्यादा दरमहा 21,000 रुपये ठरली. सुटीच्या दिवशी घरच्या जिन्यावरून पडलात तर ती कामावरची इजा नव्हे. आणि नोकरी सुटली की पुढच्या अपघाताचे संरक्षणही सुटते. कंपन्यांचा गट-विमाही सहसा नोकरीबरोबरच संपतो.

स्वतःच्या नावाचा अपघात विमा मात्र नोकरी बदलली तरी सोबत राहतो. रिक्षावाला, फेरीवाला, छोट्या यंत्रमागावरचा विणकर यांना तर बहुधा हाच आधार. 2015 ची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेत खाते असलेल्या 18 ते 70 वर्षांच्या माणसासाठी आहे. 2022 पासून तिचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. अपघातात दोन्ही हात, पाय वा डोळे कायमचे निकामी झाल्यास 2 लाख, एक झाल्यास 1 लाख रुपये मिळतात. आजारातून आलेले अपंगत्व मात्र तिच्यात बसत नाही. शिवाय 2 लाखांत जन्म निघत नाही. म्हणून ऐपतीप्रमाणे मोठी पॉलिसी घ्यावी आणि घेण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात.

विमा जायज की नाजायज, यावर उलेमांत मतभेद आहेत. शंका असेल त्याने जाणत्या आलिमांना जरूर विचारावे. पण तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे.

तेव्हा मालकाचा विमा असेल तर तो पहिली भिंत समजा. दुसरी भिंत स्वतःच्या नावाने उभी करा. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर अब्बांना एवढेच विचारा: "उद्या ही नोकरी सुटली, तर आपला विमा राहील का?"

खुदा हाफिज.