काळपुळीने मेलेल्या जनावरास सुरी लावू नका



सायंकाळी धडधाकट बांधलेली मेंढी पहाटे मेलेली दिसली, की घरात पहिला शब्द निघतो तो करणीचा. देवऋषी येतो, नारळ-कोंबडे घेऊन जातो. इकडे मेंढीचे कातडे निघते, मटणाचे वाटे पडतात, आणि चार-पाच दिवसांनी ज्याने सुरी धरली त्याच्याच हातावर पुळी उठते.

ही करणी कोणाची नव्हे. काळपुळीच्या जंतूची आहे. १८७६ साली तेव्हाच्या जर्मनीत एका लहान गावी वैद्यकी करणाऱ्या रॉबर्ट कॉकने या जंतूचा सारा जन्मक्रम उलगडून दाखविला. १८८१ साली फ्रान्सात पाश्चरने लोकांसमक्ष मेंढ्यांना तो रोग दिला. लस न टोचलेल्या २४ मेंढ्या मेल्या, टोचलेल्या उभ्या राहिल्या. तेथे ना मंत्र होता, ना अंगारा!

आता या जंतूची खोड नीट ध्यानी घ्या. मेलेल्या जनावराच्या बंद अंगात तो फार दिवस टिकत नाही. पण जनावर फाडले, रक्ताला हवा लागली, की तो टणक कवच धारण करतो आणि मातीत कित्येक दशके जिवंत राहतो. आज सांडलेले रक्त नातवाच्या गुरांना बाधते. म्हणून जनावर अकस्मात मेले, पोट फुगले, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर ते कापू नये, सोलू नये, फरफटत नेऊ नये. गुरांच्या सरकारी दवाखान्यास वर्दी द्यावी, आणि डॉक्टर सांगतील तसे ते जाळावे, नाहीतर विहीर-ओढ्यापासून दूर सहा फूट खोल पुरावे. हे काम मालकाने स्वतः उभे राहून करावे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मेलेली ढोरे मारली, त्यांच्यावर पुन्हा ढकलू नये.

कातड्याचे पैसे बुडतात, हे आम्हांस ठाऊक आहे. गरिबाला ते थोडे नव्हेत. पण त्या कातड्याबरोबर रोग ढोर-चांभाराच्या घरी जातो, लोकरीबरोबर विणकराच्या घरी. रोग येणाऱ्या गावी निरोगी गुरामेंढरांना दरसाल लस टोचून घ्यावी, हाच खरा पैसा वाचविणे.

आणि पुळी उठलीच तर? ती दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. मधोमध कोळशासारखी काळी खपली धरते, भोवती सूज येते. ती फोडू नये, पाला बांधून बसू नये. औषधाने ती बरी होते; उशीर झाला तर जीवही जातो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि डॉक्टरास आधी मेलेल्या जनावराची हकीगत सांगावी.