चिमुकल्यांचा राग आणि आपली तर्बियत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



संस्थेच्या संमेलनात आपण बहुधा दहावी-बारावीचे निकाल, वसतिगृह आणि शिष्यवृत्त्या यांविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मला तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी बोलण्यास सांगण्यात आले आहे. आपल्या बालवाडीत रोज दहा मिनिटे श्वासाचे खेळ, शांत बसणे आणि सोपी आसने घ्यावीत असा विचार संस्थेपुढे आहे. त्याबद्दल पालकांच्या मनात दोन शंका आहेत. इतक्या लहान मुलांना याचा उपयोग काय, ही पहिली. आणि योग म्हटला की त्यात आपल्या दीनला बाधणारे काही येणार नाही ना, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोहोंना सरळ उत्तर मिळाले पाहिजे.

प्रथम मुलाच्या रागाविषयी. तीन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेते, शेजारच्याला चावते, डबा फेकून देते. आपण म्हणतो, हट्टी आहे, लाडाने बिघडला आहे, बापावर गेला आहे. वास्तविक आवेग आवरण्याचे काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असते, त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. तीन वर्षांच्या मुलात ती नुकती कोठे सुरू झालेली असते. शिवाय आपल्याला काय होते आहे हे सांगण्यास त्याच्यापाशी शब्द नसतात. म्हणून ते हातापायांनी बोलते. चालणे आणि बोलणे जसे हळूहळू येते, तसेच राग आवरणेही हळूहळू येते, आणि तेही कोणीतरी मोठ्याने हात धरून शिकवावे लागते.

ही गोष्ट किरकोळ समजू नका. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास तेथील संशोधकांनी जन्मापासून चालविला आहे. २०११ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, तीन ते अकरा या वयात ज्यांचा स्वतःवर ताबा अधिक होता, त्यांची बत्तिसाव्या वर्षी प्रकृती बरी होती, पैशाची ओढाताण कमी होती आणि गुन्ह्यासाठी शिक्षा होण्याचे प्रमाणही कमी होते. बुद्धी आणि घरची स्थिती यांचा हिशेब वेगळा काढूनही हा फरक उरला. ज्यांचा संयम मधल्या वर्षांत वाढला, त्यांचेही पुढे भले झाले. याचा अर्थ संयम वाढविता येतो. आपल्या समाजातील मुले शाळेतून मध्येच गळतात म्हणून आपण हळहळतो. त्याची कारणे पुष्कळ आहेत, गरिबी हे तर मोठेच कारण आहे. पण पहिल्याच वर्षी ज्या मुलाच्या कपाळी ‘मस्तीखोर’ हा शिक्का बसतो, त्याचे मन शाळेवरून किती लवकर उडते हे शिक्षिकांना विचारा.

आता या दहा मिनिटांत काय करावयाचे ते सांगतो. मुलाला मोगऱ्याचे फूल हुंगायला सांगावे आणि मग बशीतला गरम चहा फुंकतो तसा हळूहळू श्वास सोडायला लावावा. लांब उच्छ्वासाने हृदयाची धडधड मंदावते. शरीराची ती घडणच आहे. पाठीवर झोपवून पोटावर कापडी बाहुली ठेवावी आणि ती वरखाली कशी होते ते पाहू द्यावे. पितळेची घंटा एकदा वाजवून तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत कान देऊन ऐकावयास सांगावे. मांजरासारखी पाठ फुगविणे, झाडासारखे एका पायावर उभे राहणे, पाण्याने भरलेला पेला न सांडता रेघेवरून चालणे, एवढाच हा अभ्यासक्रम आहे. एक खेळ दोनतीन मिनिटांच्या वर नाही.

यातील बरेचसे आपल्या बालशिक्षणात जुनेच आहे. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत शांततेचा खेळ आणि रेघेवरून चालणे ही दोन्ही आहेत. त्या १९३९ साली मद्रासला आल्या. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि त्या पद्धतीला खेड्यातील गरीब मुलांच्या अंगणापर्यंत नेले.

काही पथ्ये मात्र कडक पाळावी लागतील. श्वास कोंडून धरावयाचा नाही, भराभर फुंकावयाचा नाही, डोक्यावर उभे राहणे नाही. कोणाला डोळे मिटण्याची सक्ती नाही. दम्याच्या मुलाबद्दल पालकांनी अगोदर सांगावे. आणि हा खेळ शिक्षा म्हणून कधीही द्यावयाचा नाही. मूल रडून आकांत करीत असताना त्याला ‘श्वास घे’ म्हणून दटावणे व्यर्थ आहे. त्या वेळी त्याला जवळ घ्यावे. खेळ शिकवावयाचा तो ते हसतखेळत असताना, म्हणजे रागाच्या वेळी तो त्याच्या कामी येतो.

दुसरी शंका दीनविषयी. नमाज ही इबादत आहे, ती कसरत नव्हे. तिची आणि आसनांची सरमिसळ मी करणार नाही. बालवाडीतील या खेळांत मंत्र नाही, प्रार्थना नाही, सूर्यनमस्कार नाहीत. या बाबतीत इतर देशांतील मुसलमानांनीही विचार केला आहे. इंडोनेशियातील उलेमा परिषदेने २००९ साली निर्णय दिला की, मंत्रपठणासह केलेला योग मुसलमानांना वर्ज्य आहे, केवळ व्यायाम म्हणून केलेल्या योगास हरकत नाही. सौदी अरेबियाने २०१७ साली योगाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. आपले पूर्वजही या विद्येला परके नव्हते. अकराव्या शतकात अल्‌बेरुनीने पतंजलीचा ग्रंथ अरबीत नेला, आणि आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. तरीही ज्यांचे समाधान होत नसेल त्यांनी बालवाडीत येऊन बसावे, पाहावे आणि मग ठरवावे. पालकांपासून लपवून काही शिकविणे हे शाळेला शोभत नाही.

आणि राग आवरण्याची शिकवण आपल्या घरात नाही असे थोडेच आहे? सूरह आले इमरानमध्ये राग गिळणाऱ्यांची आणि माफ करणाऱ्यांची वाखाणणी आहे. कुस्तीत दुसऱ्याला चीत करणाऱ्यापेक्षा रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा खरा बलवान, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. राग आला आणि माणूस उभा असेल तर त्याने बसावे, तरीही राग गेला नाही तर आडवे व्हावे, असा उपदेश आहे. रागावलेल्या मुलाला बसविणे, निजविणे हेच तर बालवाडीत करावयाचे आहे. सात वर्षांपर्यंत मुलाला नमाजचा आदेश देण्यास सांगितलेले नाही. मागून मुलाच्या रडण्याचा आवाज आला की, त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून हुजूर (स.) नमाज आटोपती घेत. त्या उम्मतच्या घरात रडणाऱ्या मुलाला पहिल्यांदा चपराक मिळावी, हे आपल्याला शोभते काय?

फायद्याविषयी मात्र अतिशयोक्ती नको. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६८ बालवाडीच्या मुलांवर बारा आठवड्यांचा असाच प्रयोग केला. त्यातील मुलांचे इतरांशी वागणे सुधारल्याचे शिक्षकांनी नोंदविले. तो अहवाल २०१५ सालचा आहे. मुलांची संख्या थोडी आहे हे ध्यानात ठेवावे. उलट ब्रिटनमध्ये अकरा ते चौदा वर्षांच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात अशा वर्गांचा नेहमीच्या शिक्षणापेक्षा जास्त लाभ दिसला नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा हे रामबाण औषध नव्हे. मूल वयाच्या मानाने बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर श्वासाच्या खेळावर विसंबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात त्याची चौकशी करा.

शाळेतील दहा मिनिटे घराने निभावली नाहीत तर फुकट जातील. म्हणून माता-भगिनींना आणि, विशेषतः, वडील मंडळींना चार गोष्टी सांगतो.

पहिली, दिलेला शब्द पाळा. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात २८ मुलांवर एक प्रयोग झाला. मोठ्या माणसाने निम्म्या मुलांना कबूल केलेली वस्तू आणून दिली, उरलेल्यांना नुसतेच ‘नाही मिळाली’ म्हणून सांगितले. मग सर्वांपुढे एकेक मिठाई ठेवून सांगितले की, थांबाल तर दुसरी मिळेल. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, दुसरी तीनच मिनिटे. ‘उद्या बाजारातून आणतो’ असे रोज म्हणणारा बाप मुलाला सब्र शिकवू शकत नाही.

दुसरी, मुलाला भावनेचे शब्द द्या, आणि ते घरच्या बोलीत द्या. घरात दखनी बोलत असाल तर ‘तेरे कू गुस्सा आया क्या’ असे विचारा. कोकणी बोलत असाल तर कोकणीत विचारा. शाळेची मराठी किंवा उर्दू पुढे येईलच. ज्याला ‘मला राग आला’ म्हणता येते, त्याला चावण्याची गरज कमी पडते.

तिसरी, झोप. तीनचार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप हवी, आणि पडद्यासमोर बसणे दिवसाला तासाभराच्या वर नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. रडणे थांबविण्यासाठी हातात मोबाईल दिला की रडणे थांबते, पण स्वतःला शांत करण्याची संधी हुकते. रमजानमध्ये घर रात्रभर जागे असते. त्या महिन्यात लहानग्यांच्या झोपेची वेगळी सोय करा.

चौथी, मारू नका. मार खाऊन मूल गप्प होते, शांत होत नाही. मोठ्याला राग आला की तो हात उगारतो, एवढा एकच धडा ते शिकते. आपल्याला राग येईल तेव्हा मुलासमोरच खाली बसा आणि सावकाश श्वास सोडा. ते पाहत असते.

विद्यार्थी मित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे. धाकट्या भावंडाला चिडवून रडविणे आणि मग हसणे, ही आपल्या घरांतील करमणूक तुम्ही थांबवू शकता. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर छाती धडधडू लागली, तर बशीतल्या चहाची आठवण करा.

संस्थेला माझी विनंती आहे की, हा उपक्रम एक वर्ष करून पाहावा, शिक्षिकांनी प्रत्येक मुलाची साधी नोंद ठेवावी आणि पुढील मेळाव्यात ती पालकांपुढे मांडावी. लाभ दिसला तर चालू ठेवावा, न दिसला तर बंद करावा.

खुदा हाफिज. जय हिंद.