गावठी म्हणजे बिनजातीचं नव्हे

आज बोलूया आपल्या पडवीत झोपणाऱ्या कुत्र्याबद्दल आणि चुलीशेजारी बसणाऱ्या मांजराबद्दल. डीएनए तपासणी हा शब्द आपण बातम्यांमध्ये ऐकतो, बहुतेक वेळा पोलीस-कोर्टाच्या प्रकरणात. आता ही तपासणी कुत्र्या-मांजरांचीही होते. तिच्यातून काय कळतं, काय कळत नाही, आणि आपल्याला तिचा उपयोग किती, ते पाहू.

प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या घडणीची एक लांबलचक नोंद असते. ती म्हणजे डीएनए. अर्धी नोंद आईकडून येते, अर्धी बापाकडून. कुत्र्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, तरी तेवढ्यावर ती वाचता येते.

यातून पहिलं कळतं ते आईबाप कोण. मध्य प्रदेशात होशंगाबादला २०२० साली एका काळ्या लॅब्रॅडॉरवर दोन घरांनी हक्क सांगितला. एक म्हणे माझा, दुसरा म्हणे माझा. कुत्रा काही साक्ष देणार नाही. त्यातल्या एकानं सांगितलं, की मी हे पिल्लू पचमढीहून आणलं. मग पोलिसांनी तपासणीसाठी नमुना हैदराबादला पाठवला. पचमढीच्या कुत्र्याशी नातं जुळलं आणि वाद मिटला.

आता आपल्याकडचं बघा. कुत्रीला एका वेताला पाच पिल्लं होतात. एक काळं, एक तांबडं, एक ठिपक्याचं. बायका हसून म्हणतात, “प्रत्येकाचा बाप वेगळा!” ते खरंही असू शकतं. कुत्री किंवा मांजरी एकाच माजात दोन-तीन नरांकडे गेली, तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे निघतात. आणि तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असतं? केशरी रंगाचा गुण एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतो. मादीला अशी दोन मिळतात, नराला एकच. म्हणून केशरी आणि काळा हे दोन्ही रंग सहसा मादीच्याच अंगावर एकत्र दिसतात.

दुसरं कळतं ते लपलेले आजार. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार आईबापाकडून उतरतो. जर्मन शेफर्डमध्ये म्हातारपणी मागचे पाय लुळे पडण्याचा धोका तपासणीत दिसतो. धोका दिसला म्हणजे आजार होणारच असं नाही, पण अशा दोन कुत्र्यांची जोडी लावू नये, एवढं समजतं. कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत असा दोष असतो, की आयव्हरमेक्टिनसारखं औषध जास्त प्रमाणात गेलं तर ते मेंदूला बाधतं. म्हणून गोठ्यातल्या जनावराचं उरलेलं औषध अंदाजानं कुत्र्याला देऊ नका, मग तो कोणत्याही जातीचा असो. आणि कुणी पिल्लं विकण्यासाठी जोडी पाळणार असेल, तर तिनं आधी डॉक्टरांना विचारावं, या जातीत कोणते आजार उतरतात आणि त्यांची तपासणी होते का.

तिसरं कळतं ते मूळ. २००७ साली शास्त्रज्ञांनी ९७९ मांजरांचा डीएनए तपासला. जगभरची घरातली मांजरं पश्चिम आशियातल्या एका रानमांजराची वंशज निघाली. तिथं माणूस धान्य साठवू लागला, उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलं. म्हणजे आपल्या भाताच्या कणगीशी मांजराचं जे नातं आहे, ते हजारो वर्षांचं आहे.

कुत्र्यांचं तर फारच बोलकं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६१ जातींच्या कुत्र्यांबरोबर ३८ देशांतली ५४९ गावकुत्री तपासली. त्यात भारतातलीही होती. आपण समजतो, गावठी कुत्रा म्हणजे कुठल्या तरी चांगल्या जातींची सरमिसळ. तसं नाही. गावकुत्र्यांची परंपरा जुनी आहे. आज मिरवणाऱ्या बहुतेक विलायती जाती गेल्या दोन-तीनशे वर्षांत माणसानं निवडून निवडून घडवल्या. जुन्या तपासण्यांच्या यादीत फक्त विलायती जाती असायच्या, म्हणून गावठी कुत्र्याचा निकाल भलताच यायचा. आता काही ठिकाणी दक्षिण आशियाई गावकुत्रा असा वेगळा गट धरतात.

आपल्या गाईंचंही असंच झालं. वर्षानुवर्षं आपण त्यांना नुसतं ‘गावठी’ म्हणत होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं अभ्यास केला आणि २०१८ साली ‘कोकण कपिला’ ही स्वतंत्र जात म्हणून देशपातळीवर नोंदली गेली. गाय तीच, नाव मिळाल्यावर आपली नजर बदलली.

आता तपासणीतून जे कळत नाही, ते ऐका. स्वभाव कळत नाही. २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए वाचला. कुत्र्याच्या वागण्यातला अवघा नऊ टक्के फरक जातीमुळे निघाला. बाकीचं ज्याचं त्याचं, आणि आपण त्याला कसं वाढवतो त्याचं. म्हणून ‘या जातीचा आहे, मुलांशी चांगलाच राहील’ असं कुणी म्हटलं, तर त्यावर विसंबून लहान पोराला एकटं सोडू नका.

घरचा कुत्रा ओळखायला या तपासणीवर काही हजार रुपये घालायची आपल्याला गरज नाही. त्याआधी दोन कामं आहेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून रेबीजची लस वेळेवर द्या, आणि नको असलेली वेतं टाळायला नसबंदी करून घ्या. रेबीजला जात कळत नाही.

आणखी एक. गणपतीला मुंबईहून कधी कधी महागडा कुत्रा गावी येतो आणि हौस फिटली की गावीच राहतो. त्याचे दाट केस कोकणच्या दमटपणात कुजतात, गोचिडी होतात, आणि निस्तरावं लागतं घरच्या बाईला. पुढच्या वेळी कुणी ‘ठेव गं, जातिवंत आहे’ म्हणालं, तर विचारा: लसीचं कार्ड कुठे आहे? त्याचे केस कोण विंचरणार? आणि खर्च कोण देणार? उत्तर मिळालं नाही, तर नाही म्हणा. खळ्यात बसून रात्रभर राखण करणारा आपला गावठी या मातीत मुरलेला आहे. त्याला जेवण द्या, लस द्या आणि एक चांगलं नाव द्या.