उतारवयांतील दम आणि बळ



नाशिककरांना चालण्याचें वावडें नाहीं. श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं ब्रह्मगिरीच्या फेरीस जाणाऱ्यांत साठी उलटलेले स्त्रीपुरुष असतात. पौषांत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठीं वृद्ध वारकरीहि त्र्यंबकास पायीं येतात. शहरांत पहाटे फिरावयास निघणारे निवृत्त गृहस्थ आपण नित्य पाहतों. ही संवय स्तुत्य होय. परंतु एवढ्यानें व्यायाम पुरा झाला असें जें आपण समजतों, तें बरोबर नाहीं, हेंच आज मला सांगावयाचें आहे.

शरीरसामर्थ्याचीं दोन अंगें आहेत: दम आणि बळ. दम हा हृदयाचा व फुप्फुसांचा गुण. चालण्यानें, पोहण्यानें, सायकलीनें तो वाढतो. बळ हा स्नायूंचा गुण. स्नायूंवर नेहमीपेक्षां थोडा अधिक भार पडत राहिला, तरच तो टिकतो. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढतांना दमाची परीक्षा होते. उतरतांना मात्र श्वास शांत असूनहि मांड्या थरथरूं लागतात, ती बळाची परीक्षा होय. वयपरत्वें स्नायू झिजत जातात. मग जमिनीवरून उठावयास दुसऱ्याचा हात लागतो. न्हाणीघरांत पाय सरकला असतां तोल सांवरत नाहीं. खुब्याचें हाड मोडतें आणि कालपर्यंत स्वतंत्र असलेला मनुष्य परावलंबी होतो. नुसत्या सपाटीवरील चालण्यानें ही झीज पुरेशी थांबत नाहीं.

पूर्वीं दळणें, पाणी शेंदणें अशा कामांत स्त्रियांच्या, आणि तालमींत पुरुषांच्या स्नायूंना भार मिळे. मल्लखांबाचे पुनरुज्जीवक बाळंभटदादा देवधर हे आपल्याच जिल्ह्यांतील कोठुऱ्याचे. त्याच जिल्ह्यांत पन्नाशीनंतर बैठका काढणें हा पोरखेळ मानला जावा, हें नवल होय.

दम व बळ यांची सांगड किती हितावह असते, याचा एक प्रयोग अमेरिकेंत झाला व 2017 सालीं प्रसिद्ध झाला. पासष्ट वर्षें वा त्याहून अधिक वयाचे 160 स्थूल स्त्रीपुरुष त्यांत होते. आहारनियमनाबरोबर सहा महिने कांहींनीं केवळ दमाचा, कांहींनीं केवळ बळाचा, तर कांहींनीं दोन्ही व्यायाम केले. नित्याच्या हालचालींच्या कसोटींत पहिल्या दोन्ही गटांची प्रगति प्रत्येकीं 14 टक्के, तर दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची 21 टक्के झाली. त्याआधीं 1990 सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना भार उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवडे तो पुरा करणाऱ्यांच्या मांड्यांचें बळ सरासरीनें 174 टक्क्यांनीं वाढलें.

तेव्हां करावें काय? जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 सालचा सल्ला असा: आठवड्यांतून निदान 150 मिनिटें भरभर चालावें, निदान दोन दिवस बळाचा व्यायाम करावा, आणि पासष्टीनंतर निदान तीन दिवस तोल सांवरण्याचाहि अभ्यास ठेवावा. यास आखाडा नको. हात न टेकतां खुर्चीवरून आठ-दहा वेळां उठावें-बसावें. ही आपली बैठक. भिंतीला हात टेकून जोर काढावे. ओट्याला धरून टांचा उचलाव्या. पाण्यानें भरलेल्या दोन बाटल्या हातांत घेऊन खालींवर कराव्या. हें सोपें वाटूं लागलें म्हणजे भार किंचित् वाढवावा. श्वास मात्र कोंडूं नये. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. छातींत दुखलें वा भोंवळ आली तर तत्काळ थांबून त्यांचें साहाय्य घ्यावें.

जें नव्वदाव्या वर्षीं वाढूं शकतें, तें पासष्टाव्या वर्षीं कायमचें गेलें असें समजण्याचें कारण नाहीं. उद्यां सकाळीं फिरून आल्यावर खुर्चीवर विसांवण्यापूर्वीं तिच्यावरूनच दहा वेळां उठून पाहावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.